पोटातलं कापड

३ नोव्हेंबर २०२४, पवनी

भाऊबीज. यंदा घरात दिवाळी नाही. दारात एक पणती, तीही शेजारच्या वहिनींनी आणून ठेवलेली.

भाचीचं पाकीट आलं पुण्याहून. बारा नमुन्यांचे कागद, सहा नवे सुती तुकडे, एक चिठ्ठी. प्रत्येक नमुना बारा इंची चौकोनाचा. "मावशी, तू आणि आज्जी मिळून करा. मी जोडून दिवाणखान्यात भिंतीवर लावीन." मला वाटतं, आईचे हात कशात तरी गुंतावेत म्हणून पाठवलं असावं.

आईला कागद दाखवले. डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. मग म्हणाली, "भिंतीले थंडी वाजते का वो?"

५ नोव्हेंबर

नमुन्यांची नावं वाचून दाखवली. नाइन पॅच. लॉग केबिन. चर्न डॅश. फ्लाइंग गीज. सॉटूथ. ओहायो स्टार. अमेरिकेत दीडदोनशे वर्षांपासून बायका हे शिवतात. आई ऐकत होती की नाही, कळलं नाही. तांदूळ निवडत होती.

चर्न म्हणजे घुसळण, असं सांगितल्यावर मान वर केली. "मंग रवी म्हन ना." पुन्हा तांदूळ.

८ नोव्हेंबर

नऊ तुकड्यांपासून सुरुवात. प्रत्येक तुकडा शिवून चार इंच भरायला हवा, म्हणून साडेचार इंचांचा कापायचा. चारी बाजूंनी पाव पाव इंच शिवणीत जातो. नऊ तुकडे कापले, जोडले. कडेची शिवण धरून साडेबारा इंच यायला हवेत. एका बाजूने पावणेबारा, दुसऱ्या बाजूने सव्वाबारा.

तीस वर्षं मुलांना भूमिती शिकवली.

९ नोव्हेंबर

उसवला. पुन्हा शिवला. पावणेबारा.

१२ नोव्हेंबर

शेताकडे जाऊन आले. बांधी यंदा ठेक्याने दिली आहे. कापणी चालू. कापलेल्या धानाच्या कडपा ओळीने पडल्या आहेत. धुऱ्यावर बराच वेळ उभी राहिले. खालच्या बांधीत उभ्या धानात लाखोरी फेकलेली होती, ती आता कापलेल्या खोडांतून वर येते आहे. ठेकेदाराने हा उतेरा सोडला नाही, याचं बरं वाटलं. बाबा कधी चुकवत नसत.

घरी आल्यावर नऊ तुकड्यांचा चौकोन आईपुढे ठेवला. बोटांनी शिवण चाचपली. "चार धुरे, मंधात बांधी. धुरा वाकडा तर पानी थांबन का?"

पहिल्यांदाच काहीतरी बोलली या कामाबद्दल.

१३ नोव्हेंबर

नाव बदललं. वहीत लिहिलं: पहिला चौकोन, बांधी.

१५ नोव्हेंबर

कार्तिक पौर्णिमा. घाटावर गर्दी. आईला घेऊन पायऱ्यांपर्यंत गेले. दिवे दिसतात का विचारलं. "डोऱ्याले सगरं धुरकट." झाडीबोलीत ळ नाही, सगळ्या ळ चा र होतो. शाळेत मी मुलांचा हाच र दुरुस्त करत असे. आता आईच्या तोंडून ऐकते तेव्हा दुरुस्त करण्यासारखं त्यात काय होतं, ते आठवत नाही.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. तारीख घ्यायला हवी.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. आईला रिक्षाने नेलं. बोटाच्या शाईकडे घरी येईपर्यंत बघत होती.

२४ नोव्हेंबर

नव्या कापडाचं जमत नाही. आधी भिजवून वाळवलं, तरी सुई अडते. कडक आहे. आई हात लावते आणि बाजूला सारते. "आंग धरत नाई."

जुनी सुती लुगडी शोधली. मोजून पाच निघाली. बाकी कपाटभर सिंथेटिक. त्यांच्यातून वारा जात नाही, घाम शोषत नाही, टाका सरकतो. मागच्या उन्हाळ्यात दारावर भांडी घेऊन आलेल्या बाईला मी तीन सुती पातळं दिली आणि स्टीलचा डबा घेतला. डबा फळीवर आहे. आज उघडलासुद्धा नाही.

२५ नोव्हेंबर

पाचही लुगडी अंगणात पसरून पाहिली. बसण्याच्या जागी विरलेली. खांद्यावर पदर विरलेला. पायाशी घासून चिंध्या. धड काय? काठ. आणि निऱ्यांच्या आतला हातभर भाग, जिथे ऊन पोचलं नाही. तिथला रंग अजून नव्यासारखा.

लॉग केबिनचा नमुना समजला. मधे लाल चौकोन, त्याभोवती पट्ट्या लावत जायच्या, एका अंगाला उजळ, दुसऱ्या अंगाला गडद. मधला लाल म्हणजे घरातली आग, असं तिकडे मानतात. हा नमुना नव्या कापडासाठी कुणी काढलाच नसणार. ज्या घरात फक्त काठाच्या पट्ट्या धड उरल्या, त्या घरातला तो आहे. कुठे कापायचं हे कागद सांगत नाही, विरलेलं कापड सांगतं.

आईने त्याला चूल म्हटलं. मी काही न सांगता.

१ डिसेंबर

जगन्नाथ टेकडीपर्यंत चालत गेले. १९६९-७० साली इथे नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, स्तूप निघाला. मुलांना दरवर्षी आणत असे.

आज तिथे बसून विनयपिटकातली गोष्ट आठवली. बुद्ध दक्षिणागिरीकडे निघाले असताना त्यांना मगधातली शेतं दिसली: चौकोनी, रांगांत मांडलेली, धुऱ्यांनी विभागलेली. त्यांनी आनंदाला विचारलं, भिक्षूंची चीवरं अशी करता येतील का? आनंदाने तुकडे जोडून करून दाखवली. तेव्हापासून चीवर सलग कापडाचं नसतं. कापून, तुकड्यांना तुकडे जोडून केलेलं असतं. कापलेल्या कापडाला चोर हात लावत नाही, हेही एक कारण.

वर्गात ही गोष्ट अनेकदा सांगितली होती. धानाच्या बांधीचा आणि त्या कापडाचा संबंध मात्र टेकडीवरून खाली बघताना आज डोळ्यांना दिसला. ओळीने चौकोन. वरच्या अंगाला तणशीचे ढीग. खाली नदी.

शेजारच्या वहिनींना सांगितलं. त्यांच्या घरी बुद्धवंदना होते. त्या म्हणाल्या, आमच्या सासूबाई गोधडी शिवताना पहिला टाका घालण्याआधी हात जोडायच्या, कशाला ते कधी विचारलं नाही.

६ डिसेंबर

वहिनींकडून दोन सुती पातळं आली. एक पांढरं, निळ्या काठाचं. पैसे घेतले नाहीत.

९ डिसेंबर

भंडारा. आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया. पंचवीस मिनिटं. बाहेर बाकावर बसून रवीचा चौकोन शिवला. शेजारी बसलेल्या लाखांदूरकडच्या आजींनी टाके पाहिले आणि म्हणाल्या, "लांब पडते, बाई."

१० डिसेंबर

पट्टी काढली. थेंब दिवसातून सहा वेळा. वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, शिवण तर नाहीच.

१३ डिसेंबर

उडत्या हंसांचा नमुना. मोठ्या त्रिकोणाला दोन्ही खांद्यांवर दोन लहान त्रिकोण. अशा ओळी एकाच दिशेने. आई काळा चष्मा लावून बघत होती. म्हणाली, सारस.

लहानपणी तिच्या माहेरच्या बांधीत रोवणीच्या दिवसांत जोडी यायची. माणसाच्या छातीइतकी उंच. बायका पऱ्हे लावत सरकायच्या, ती जोडी चार हातांवर चरत असायची, कुणी कुणाला भीत नसे. महाराष्ट्रात सारस आता उरलेत ते गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात, थोडे चंद्रपूरकडे. बोटांवर मोजावेत इतके.

तिचं माहेर गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली. १९८८ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा मामा म्हणाले होते, आपल्या हयातीत काही पाणी येत नाही. आलं.

१७ डिसेंबर

सकाळी उठले तर आई ओसरीवर उन्हात, चष्मा नाकावर, मांडीवर माझा ताऱ्याचा चौकोन. हातात सुई नव्हती, ब्लेड होतं. अर्धा उसवलेला.

"हे कोन केलं? तारा हाये का हा? चारही टोकं खाल्ली."

खरंच खाल्ली होती. त्रिकोणांची टोकं शिवणीत गेली होती. नऊ दिवसांपूर्वी तिला हे दिसलं नसतं. मी चार संध्याकाळी घालवल्या होत्या त्यावर. रडू आलं. तिने पाहिलं, थांबली नाही. "सगरं उसव. दोरा तोडू नोको, कामी येते."

१८ डिसेंबर

रुसून बसले होते दिवसभर. रात्री पाहिलं तर उसवलेल्या दोऱ्याची गुंडी करून तिने माझ्या उशाशी ठेवलेली.

२२ डिसेंबर

सॉटूथ. करवतीचे दात. कागदाप्रमाणे बारीक त्रिकोण कापायचे, उजळ-गडद जोडायचे. दिवसभरात चोवीस कापले. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला की दात बोथट.

आई उठली. तिच्या कपाटातून जुन्या धोतरात बांधलेलं एक गाठोडं आणलं. आत तिचं लग्नातलं कोशाचं लुगडं. १९६३ चं. घडीवर चिरलेलं; कोसा असाच जातो, घडी पडते तिथे. अंग पिकल्या गव्हाच्या रंगाचं, काठ लालभडक आणि काठाच्या आतल्या कडेला दात. करवती काठ. मोहाडी-आंधळगावच्या मागावर हेच विणतात. अंगाला कोसा, काठाला सूत; अंगाचा धोटा वेगळा, दोन्ही काठांचे धोटे वेगळे, आणि जिथे भेटतात तिथे आडवे धागे एकमेकांत अडकवत जायचं. दात त्या अडकवण्यातूनच उभे राहतात. आता याला भौगोलिक मानांकन आहे. पूर्वी ऐन-अर्जुनाच्या झाडांवरचे कोश ढिवर आणत, कोष्टी विणत, आणि ज्या घरात लग्न असे तिथे एकच लुगडं येई.

मी माझे चोवीस त्रिकोण चुरगळून डब्यात टाकले. एकसष्ट वर्षांपूर्वी कुणीतरी मागावर बसून ते विणून ठेवले होते.

"काप," आई म्हणाली.

मला कापवेना. तिनेच कापलं. कात्री एकदाही अडखळली नाही.

२३ डिसेंबर

करवत. सगळ्यांत चांगला चौकोन. माझा त्यात फक्त टाका.

२८ डिसेंबर

रात्री भाचीचा फोन. आई शेजारीच होती, आवाज मोठा ठेवला. भाची म्हणाली, मावशी, एक गोष्ट सांगू का. अलाबामा नदीच्या वळणावर जीझ बेंड नावाचं गाव आहे. कृष्णवर्णीय शेतमजुरांचं. तिथल्या बायकांच्या गोधड्या आता अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. त्यांतली एक १९४२ मधली, मिसूरी पेटवे या बाईची. तिचा नवरा गेला. तिने त्याचे शेतात घालायचे कपडे घेतले, गुडघ्यावर विरलेल्या विजारी, घामाने फिके पडलेले सदरे, आणि त्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून निजता यावं म्हणून. गुडघ्याजवळचा गडद चौकोन, उन्हाने उडालेला रंग, सगळं तसंच दिसतं म्हणे.

त्या गावाचीही चांगली जमीन साठच्या दशकात धरणाच्या पाण्यात गेली.

फोन ठेवला. आई काही बोलली नाही. दिवा मालवायला उठले तर म्हणाली, "राहू दे, जरा येर."

२९ डिसेंबर

आषाढापासून माळ्यावर असलेली बाबांची पेटी आईने खाली काढायला लावली.

दोन धोतरं. एक बंडी. दुपट्टा. चष्मा. बियाण्याच्या पावत्या दोऱ्याने बांधलेल्या.

मी स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ तिथेच राहिले.

३० डिसेंबर

धोतर रिठ्याच्या पाण्यात भिजवलं. खालच्या टोकाला चिखलाचा पट्टा आहे, वीतभर, रोवणीचा. गेला नाही. आईने दुसऱ्यांदा भिजवू दिलं नाही.

२ जानेवारी २०२५

मला वाटलं होतं, धोतराचे चौकोन कापावेत. ताऱ्यामागचं पांढरं, बांधीतलं पांढरं. शुभ्र दिसलं असतं. कात्री घेऊन बसले.

"कापू नोको."

मग वरून सलग लावू?

"वरचं फाटते. पोटातलं राहते."

गोधडीचं पोट म्हणजे वरच्या आणि खालच्या कापडामधले थर. उन्हाचा, पाय घासण्याचा, धुण्याचा सगळा मार वरच्याला. दहा-बारा वर्षांनी वरचं विरलं की त्यावर नवं लुगडं चढवायचं आणि त्याच पोटावर पुन्हा धावदोरा घालायचा. अशा तीन-तीन पिढ्यांच्या गोधड्या मी पाहिल्या आहेत. दरवेळी जड झालेल्या. पोट कुणी बदलत नाही.

कात्री ठेवून दिली.

३ जानेवारी

बारा चौकोनांत माणूस मावत नाही. तीन रांगा, चार चौकोन: तीन फूट बाय चार फूट. आई म्हणाली, पायाचं काय? वीस करायचे. चार फूट, पाच फूट. भोवती काठांच्या पट्ट्या.

भाचीला कळवलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "भिंतीचं राहू दे, मावशी."

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून आले. आईने हळदीकुंकवाला जायचं नाही म्हणून मागच्या खोलीत बसून तीन चौकोन केले. वहिनी मुद्दाम मागच्या दाराने आल्या आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. ओटीत एक सुती पोलकं टाकलं. जांभळं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उद्या विसरेन म्हणून आजच लिहिलं.

१९ जानेवारी

विसावा चौकोन. लाखोरी. निळी फुलं आता सगळ्या बांध्यांत आली आहेत. वहिनींच्या निळ्या काठाचे तुकडे. कागदावर असा नमुना नाही.

२४ जानेवारी

सकाळी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट. छत कोसळलं. संध्याकाळपर्यंत आकडा आठ. गावातल्या अर्ध्या घरांचं कुणी ना कुणी तिकडे कामाला आहे, दिवसभर फोन. आज सुई हातात घेतली नाही. आईनेही नाही.

२६ जानेवारी

पसरायला ओसरी पुरली नाही. वहिनींचं अंगण झाडून घेतलं. खाली जुनं हिरवं लुगडं दुहेरी. त्यावर बाबांचं धोतर, दोन पदरी घडी करून, चिखलाचा पट्टा पायगतीकडे. सुरकुती राहू नये म्हणून आई तळहाताने मधून कडेकडे सारत गेली. खूप वेळ. मग वीस चौकोनांचं जोडलेलं कापड. कच्चा दोरा घातला.

३० जानेवारी

धावदोरा. आई कडेने सुरू करते. चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं. दोन ओळींमध्ये बोटाच्या पेराचं अंतर. मधून सुरू केलं तर कापड कडेला सरकतं आणि कोपरे गोळा होतात.

माझ्या डाव्या हाताच्या बोटाला भोकं पडली. अंगुस्तान घालून टाका कळत नाही, म्हणून काढून ठेवलं.

४ फेब्रुवारी

आईचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. माझा गव्हाएवढा. शेजारी शेजारी स्पष्ट दिसतं. उसवू का विचारलं. नको म्हणाली.

९ फेब्रुवारी

भाचीने आणखी एक कागद पाठवला. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांच्या गोधड्यांचा. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे वंशज ते, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलात राहतात. चारी कोपऱ्यांत रंगीत कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुलांशिवाय गोधडी नागडी. त्यांचाही टाका कडेकडून आत जातो.

आईला वाचून दाखवलं. तिने जांभळ्या पोलक्याचे चार तुकडे काढले आणि कोपऱ्यांना घड्या घातल्या. तिलाही येत होतं हे. मला कधी दाखवलं नव्हतं, आणि मीही कधी बसून पाहिलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी

मध्यावर आलो. आता दोघींचे हात एकमेकींना लागतात.

२१ फेब्रुवारी

शेवटची ओळ तिची. दोरा दाताने तोडला. उसवलेल्या ताऱ्याचा दोरा होता तो.

२३ फेब्रुवारी

धुतली, उन्हात टाकली. दोघींना उचलेना. सुकायला दोन दिवस.

२५ फेब्रुवारी

आई गोधडी पांघरून झोपली. चौकोन आतल्या बाजूला, हिरवं लुगडं वर. मी म्हटलं, उलटी घेतलीस. म्हणाली, सुलटीच आहे.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. भाची पुढच्या महिन्यात येईल तेव्हा तिला दाखवायचं आहे, म्हणून लिहून ठेवते. वीस चौकोन. पाच लुगडी, वहिनींची दोन पातळं, एक पोलकं, कोशाचा दीड हात काठ. पहिल्या रांगेत बांधी, चूल, रवी, सारस. दुसऱ्या रांगेत तारा आणि करवत. शेवटच्या रांगेत लाखोरी. पोटात बाबांचं धोतर, सलग, न कापलेलं, उशाकडून पायगतीपर्यंत. वरून दिसत नाही.